नीरा-भीमेकाठचा वसंत

व्यापारी कुटुंबांना वसंत ऋतूची चाहूल बहुधा उशिरा लागते. फाल्गुन लागतो तेव्हा आपण मार्चअखेरीच्या हिशेबात गुंतलेले असतो. मालाची मोजदाद, येणी-देणी, कराची कागदपत्रे यांतून मान वर होईतो पाडवा उजाडतो, आणि गुढीला डहाळी बांधताना कडुनिंब केव्हाच मोहरून गेल्याचे प्रथम लक्षात येते. पुढे मे महिन्यात मुलांच्या सुट्ट्या लागल्या की महाबळेश्वर-माथेरानची गर्दी आपली वाट पाहत असते. यंदा आम्ही दोघा भावांच्या कुटुंबांनी निराळा बेत केला. होळी आणि पाडवा यांच्यामध्ये दोन दिवस काढले, दुकाने मुनीमजींच्या हाती सोपवली, आणि आईला व मुलांना घेऊन बारामती-इंदापूरकडे निघालो.

‘तिथे पाहायला आहे काय?’ हा प्रश्न घरातूनच आला होता, आणि तो स्वाभाविक होता. आपल्यापैकी पुष्कळ घरांची पाळेमुळे या दोन तालुक्यांच्या बाजारपेठांत आहेत. भुसार, किराणा, कापड, सराफी, गुळाची आडत अशा व्यवसायांनी पिढ्यान्‌पिढ्या या मातीशी आपला संबंध आला. पण तो संबंध तागडीचा आणि वहीचा. या भूमीकडे सहलीला जाण्याचे ठिकाण म्हणून आपण सहसा पाहिलेले नाही. दोन दिवसांनी परत आलो तेव्हा इतक्या वर्षांत हे का पाहिले नाही, याचेच आश्चर्य वाटत होते.

उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि या दोन नद्यांच्या मधली पूर्वेकडे निमुळती होत जाणारी भूमी, असे या मुलखाचे रूप आहे. बारामतीचा परिसर पूर्वी भीमथडी तालुक्यात मोडत असे. भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. येथल्या चिवट, काटक तट्टांनी मराठ्यांच्या फौजा दूरदूरवर नेल्या, त्या ‘भीमथडी तट्टां’चे नाव आजही जुन्या लोकांच्या तोंडी आहे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस येथवर येईतो थकून जातो. त्यामुळे कोकणातील किंवा मावळातील हिरव्या वसंताची अपेक्षा ठेवून येथे येऊ नये. येथील वसंत पिवळा आणि केशरी असतो. माळावरचे गवत सोन्यासारखे वाळलेले, पानगळ झालेल्या पळसावर अंगारासारखी फुले, शेतात ज्वारीची काढणी होऊन रचलेल्या कडब्याच्या गंजी, आणि कुठल्या तरी लिंबाच्या झाडावरून ठक्‌-ठक्‌ असा एकसुरी आवाज करणारा तांबट पक्षी. डोळ्यांना हा रंग सरावला की मग हिरवेपणाची आठवणही होत नाही.

सुप्याचा माळ

चौफुल्यावरून मोरगावकडे वळले की वाटेत सुपे लागते. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतले हे गाव. गावाजवळच मयूरेश्वर अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. १९९७ मध्ये घोषित झालेले हे महाराष्ट्रातील अगदी लहान अभयारण्यांपैकी एक. सकाळी लवकर पोहोचलो, तेव्हा ऊन अजून तिरपे होते. अर्धा तास काहीच दिसले नाही. मुले कंटाळू लागली, आणि तेवढ्यात गवताचाच एक तुकडा हलला. चिंकारा होता. मातकट पाठ, पांढरे पोट, सरळ शिंगे आणि सारखी हलणारी आखूड काळी शेपटी. मग एकामागून एक पाच मोजले. ते मघापासून तेथेच होते. आम्हाला दिसत नव्हते एवढेच.

चिंकारा हे हरिण पाण्यावाचून दीर्घकाळ राहू शकते. पाला, शेंगा आणि पहाटेचे दव यांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर ते निभावून नेते. आई हे ऐकत होती. ती म्हणाली, ‘‘म्हणजे कोरडा उपवासच की रे त्याचा.’’ या माळावर लांडगा आहे, खोकड आहे, तरस आहे. गवतात अंडी घालणारे धाविक आणि चंडोल आहेत. तरीही असा माळ म्हटले की ‘पडीक’ हाच शब्द आपल्या तोंडी येतो, आणि व्यापारी मनात लगेच त्याचे प्लॉट पडू लागतात. पडीक म्हणावे असे त्यात काही नाही. मेंढरे घेऊन फिरणारे धनगर, त्यांच्या मागावरचा लांडगा, आणि दोघांनाही आधार देणारे गवत यांचा तो नांदता संसार आहे. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळही असाच प्रसिद्ध आहे.

सुप्याला आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक आठवण आहे. ती सुखाची नाही, पण टाळण्यासारखीही नाही. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्यात शेतकऱ्यांनी मारवाडी व गुजर सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून जे प्रकरण नोंदले गेले, त्याचा आरंभ येथे झाला. पुढे ते लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. बहुतेक ठिकाणी माणसांच्या जिवाला हात लावला गेला नाही. शेतकऱ्यांना हवे होते ते कर्जरोखे. ते हाती आले की त्यांची होळी केली जाई.

यामागची कारणे अनेक होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव कडाडले आणि कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने साऱ्याची फेरआकारणी केली. मुंबई इलाख्यातील नव्या पद्धतीची जमीन-मोजणी व आकारणी प्रथम ज्या तालुक्यात १८३६ मध्ये लागू झाली, तो तालुका इंदापूरच. तिची तीस वर्षांची मुदत संपल्यावर सारा वाढला, तोही नेमका भाव पडल्यानंतर. शेतकऱ्याने सारा भरायचा तर सावकाराकडे जावे लागे, आणि सावकाराने दिलेले वसूल करायचे तर न्यायालयात जावे लागे. निरक्षर कुणब्याचा अंगठा आणि सावकाराची लेखणी यांची ती बरोबरी नव्हतीच. दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला.

अभयारण्याबाहेर बाभळीच्या सावलीत शिदोरी सोडली तेव्हा मुलांना ही हकीकत सांगितली. धाकट्या पुतण्याने सरळ विचारले, ‘‘काका, ते दुकानदार आपल्यासारखेच होते का?’’ मी ‘होय’ म्हणालो. ‘‘मग ते वाईट होते का?’’ याचे उत्तर देणे सोपे नव्हते. थोरल्या दादांनी दिले, ‘‘काही असतील, काही नसतील. पण ज्याच्या हातात वही असते, त्याने दुप्पट जपून वागायचं असतं.’’

आईने मग १९७२ च्या दुष्काळाची आठवण काढली. आमचे दुकान तेव्हा गावात होते. सारे गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई, मुलांना सुकडी मिळे. ‘‘त्या वर्षी यांनी उधारीची वही उघडलीच नाही,’’ ती म्हणाली. आणि थोडे थांबून पुढे म्हणाली, ‘‘पुढच्या वर्षी उघडली. दुकान चालवायचं तर उघडावी लागतेच. पण त्या वर्षीचं व्याज काही लावलं नाही.’’

भगवान ऋषभदेवांनी माणसाला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकवली, असे आपली परंपरा सांगते. मसि म्हणजे शाई, लेखणी, वही. कृषी आणि वाणिज्य ही एकाच गुरूची दोन शिकवण्या आहेत, हे सुप्याच्या माळावर बसून जितके उमगते तितके दुकानाच्या गादीवर उमगत नाही.

कऱ्हेकाठची बारामती

दुपारी बारामती गाठली. कऱ्हा नदीच्या काठचे हे जुने गाव आज मोठे शहर झाले आहे. रुंद रस्ते, महाविद्यालये, कारखाने यांनी त्याचे रूप पालटले. पण जुन्या गावात शिरले की पेशवाईतील बारामतीची आठवण होते. येथील नाईक घराणे सावकारीत मोठे, इतके की बाजीरावाच्या घराण्याशी त्यांची सोयरीक झाली होती. त्याच घराण्यातील बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कविवर्य मोरोपंत येथे राहिले. १७२९ मध्ये पन्हाळ्यास जन्मलेल्या पंतांनी आयुष्याचा मोठा काळ बारामतीत घालवला आणि १७९४ मध्ये येथेच देह ठेवला. आर्या वृत्तावर त्यांच्याइतके प्रभुत्व मराठीत क्वचितच कोणाचे असेल. ‘केकावली’ त्यांनी उतारवयात रचली. केका म्हणजे मोराची आर्त हाक. एका सावकाराच्या धनातून मराठी भाषेला एवढे मोठे भांडार मिळाले, ही गोष्ट सुप्यानंतर लगेच आठवावी अशीच. वहीतील धन कोठे वळवावे, हे अखेर वही धरणाऱ्याच्याच हाती असते.

बारामतीचे आजचे वैभव मात्र पाण्याचे आहे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात या भागाची होरपळ झाली, आणि त्याच काळात दुष्काळी काम म्हणून नीरा डाव्या कालव्याची खोदाई हाती घेण्यात आली. वीर येथून निघणारा हा सुमारे दीडशे किलोमीटरांचा कालवा पुरंदर, बारामती ओलांडून इंदापुरात जातो. पुढे भाटघरचे धरण झाले, मग वीर धरण झाले, आणि ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. माळेगाव, सोमेश्वर आणि इंदापूरकडचे सहकारी कारखाने त्या पाण्यावर वाढले. आपल्या आडतदुकानांतील गुळाच्या ढेपाही त्याच पाण्याच्या.

संध्याकाळी कालव्याच्या काठाने चालत गेलो. एका बाजूला उसाची हिरवी भिंत, दुसऱ्या बाजूला कोरडे रान. पाण्याची रेघ कोठे संपते ते डोळ्यांना स्पष्ट दिसते. गळीत हंगाम सरत आला होता. मोळ्यांनी लादलेल्या बैलगाड्या कारखान्याकडे निघाल्या होत्या. शेताच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्या. ही कुटुंबे बीड, अहिल्यानगर अशा भागांतून दिवाळीच्या सुमारास येतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून त्यांनी ‘उचल’ घेतलेली असते. ती रक्कम तोडणीच्या मजुरीतून फेडायची, आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा यायचे. १८७५ चे रोखे जळून गेले, कायदे झाले. आगाऊ पैशाने माणूस बांधला जाण्याची रीत मात्र अजून संपलेली नाही.

एका कोपीसमोर आमच्या मुलांच्या वयाची एक मुलगी लहान भावाला कडेवर घेऊन उभी होती. वैशाख शुद्ध तृतीयेला आपण वर्षीतपाची पारणी उसाच्या रसाने करतो. हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांनी भगवान ऋषभदेवांना इक्षुरस दिला, त्या आहारदानाची ती आठवण. तो रस ज्या उसातून येतो तो उन्हात तोडणाऱ्या हातांचीही त्या दिवशी आठवण व्हावी, असे त्या मुलीकडे पाहताना वाटले. अनेक कारखान्यांच्या परिसरात या मुलांसाठी हंगामी शाळा चालतात. वह्या, गणवेश, दूध यांची गरज तेथे कायम असते. अक्षय तृतीयेचे दान कोठे द्यावे असा प्रश्न पडणाऱ्यांना हे एक उत्तर आहे.

अंधार पडण्यापूर्वी वालचंदनगरला जाऊन आलो. इंदापूर तालुक्यातील कळंब गावाच्या परिसरात, नीरेच्या खोऱ्यात, शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती ही वसाहत वाढली. सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंदांनी बोटींची कंपनी काढली, विमानांचा आणि मोटारींचा कारखाना काढला. त्यांचे पिताजी हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८० च्या दशकात ‘जैन बोधक’ हे मराठी मासिक सुरू केले, म्हणजे आपल्या आजच्या नियतकालिकांचे ते पूर्वजच. कापूस आणि देवघेव यांत मुरलेल्या घराण्यातील एक मुलगा या मुरमाड मुलखात येतो आणि व्याजाऐवजी यंत्र, पाणी आणि मजुरी यांत भांडवल गुंतवतो. सुप्याच्या घटनेनंतर साठ वर्षांच्या आत हे घडले. साखरेची यंत्रे बनवता बनवता येथील कारखाना पुढे अणुऊर्जा आणि अवकाश संशोधनासाठी लागणारी सामग्री घडवू लागला. मुलांना हे ऐकून नवल वाटले. आईचे लक्ष मात्र वसाहतीतल्या जुन्या झाडांकडे होते. ‘‘ज्यानं लावली त्याला सावली मिळाली नसेल,’’ एवढेच ती म्हणाली.

भिगवणचे पाहुणे

दुसऱ्या दिवशी पहाटे भिगवण. बारामतीपासून अर्ध्या-पाऊण तासाची वाट. सोलापूर जिल्ह्यात भीमेवर १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे, म्हणजेच यशवंतसागराचे, पाणी येथवर मागे पसरले आहे. डिकसळ, कुंभारगाव ही काठावरची गावे आता पक्षिप्रेमींच्या परिचयाची झाली आहेत. पावसाळ्यात तुडुंब असलेले पाणी हिवाळ्यानंतर ओसरू लागते, काठावर गाळाची उथळ दलदल उघडी पडते, आणि त्या उथळ पाण्यातच पक्ष्यांचा मेळा भरतो. पाणी जसजसे मागे सरते तसतशी पंगत पुढे सरते.

होडीतून निघालो तेव्हा पाण्यावर धुके होते. ते विरळ झाले आणि समोर गुलाबी रेघ उमटली. रोहित! काही लोक त्यांना अग्निपंख म्हणतात, आणि पंख उघडताच ते नाव का पडले ते कळते. कच्छच्या रणात वीण करणारे हे पक्षी हिवाळ्यात येथे उतरतात. मान वाकवून, चोच उलटी करून ते गाळातले सूक्ष्म अन्न गाळून घेतात. पाणी गाळून पिणाऱ्या आपल्या घरातील मुलांना ही गोष्ट फार आवडली. रोहितांशिवाय रंगीत करकोचे, चमचे, मोर शराटी, चक्रवाक, कुरव अशी कितीतरी मंडळी होती. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब मात्र बहुतेक परतून गेले होते. आदल्या संध्याकाळी ज्वारीच्या रानावर आभाळात धुरासारखे वळणारे, फुटणारे, पुन्हा एक होणारे भोरड्यांचे थवे पाहिले होते. त्यांचाही मुक्काम आता थोड्या दिवसांचा. मध्य आशियाची वाट त्यांना बोलावीत असते.

होडी चालवणारा तरुण मासेमार घरातला. आईने त्याला सरळ विचारले, ‘‘तू मासे धरतोस का रे?’’

‘‘धरतो की, आजी. बापजाद्याचा धंदा हाय,’’ तो न बिचकता म्हणाला. ‘‘पण पक्षी आले की चार महिने पाव्हणे येत्यात. त्या दिसांत जाळं कमी टाकतो. दिवसाला दोन फेऱ्या झाल्या तरी भागतं.’’

आई काही बोलली नाही. उतरताना तिने डब्यातल्या दशम्या आणि गूळ त्याच्या हातात ठेवला. जीवदयेसाठी आपला समाज मुक्तहस्ताने देतो. पांजरपोळ, गोशाळा, पाखरांचे चबुतरे ही आपली परंपरा आहे आणि ती मोलाची आहे. पण दयेचे आणखी एक रूप भिगवणला दिसते. पक्षी जिवंत राहण्यात गावातल्या माणसाचा संसार उभा राहिला, की त्या पक्ष्याला आपसूक रखवालदार मिळतो. कोणालाही उपदेश न करता दिलेले होडीचे रास्त भाडे हे काम करते. त्यात घासाघीस न करणे, एवढे व्यापाऱ्याला एक दिवस जमले पाहिजे.

मात्र दयेच्या नावाने होणाऱ्या दोन गोष्टी टाळाव्यात. कुरव होडीमागे घिरट्या घालतात तेव्हा त्यांना शेव-फरसाण टाकण्याचा मोह होतो. तळलेले, खारट अन्न त्यांच्या प्रकृतीला घातक असते. दुसरे असे, की छायाचित्रासाठी ‘थवा उडवून दाखवा’ असा आग्रह होडीवाल्याला करू नये. परतीच्या शेकडो मैलांच्या प्रवासासाठी हे पक्षी या दिवसांत अंगात बळ साठवत असतात. आपल्या एका चित्रासाठी ते खर्च व्हावे, हे बरे नाही.

पळसदेवचे शिखर

भिगवणहून इंदापूरकडे जाताना महामार्गालगत पळसदेव लागते. हे नवे गाव. जुने पळसदेव उजनीच्या पाण्याखाली आहे. धरण भरले तेव्हा भीमाकाठच्या अनेक गावांना घरेदारे, काळी कसदार जमीन, देवळे आणि स्मशाने सोडून वर यावे लागले. पळसनाथाचे जुने मंदिर मात्र तेथेच राहिले. दगडी बांधणीचे, वर विटांचे शिखर असलेले ते मध्ययुगीन देवालय पाण्यात उभे आहे. पाणी ओसरू लागले की आधी शिखर दिसते. एखाद्या कठीण उन्हाळ्यात सारे मंदिर मोकळे होते, आणि लोक दर्शनाला चालत जातात.

आम्ही गेलो तेव्हा शिखराचा वरचा भाग पाण्याबाहेर आला होता, त्यावर एक पाणकावळा पंख वाळवीत बसला होता. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. उपयुक्त साठा संपला की ‘उजनी वजा पातळीत’ अशी बातमी येते. ती वाचताना आपल्या मनात उसाचे क्षेत्र, साखरेचे भाव, सोलापूरचे पाणी यांची गणिते सुरू होतात. काठावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, ‘‘पाणी उतरलं की आम्हाला वाईट वाटतं, आन्‌ बरंबी वाटतं. आमचं जोतं दिसतं.’’ त्यांनी पाण्याकडे बोट करून आपल्या घराची जागा दाखवली. आम्हाला तेथे फक्त लाटा दिसल्या.

सकाळी ज्या पाण्यावर आम्ही रोहितांचा थवा पाहून हरखलो होतो, तेच हे पाणी. त्याने ऊस दिला, शहरांना प्यायला दिले, पक्ष्यांना आसरा दिला, आणि या गृहस्थांचे जोते घेतले. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. जमा लिहिताना नावेही लिहायचे असते, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागू नये.

इंदापुरात मालोजीराजांचे स्मरण केले. शिवछत्रपतींचे हे आजोबा येथल्याच लढाईत पडले. तेथून नीरा-नरसिंहपूर. इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला, भीमा आणि नीरा जेथे भेटतात, तेथे लक्ष्मी-नृसिंहाचे भव्य मंदिर व दगडी घाट आहे. कऱ्हा अलीकडेच सोनगावपाशी नीरेला मिळालेली असते. म्हणजे सुप्या-मोरगावकडून आणि बारामतीवरून वाहत आलेले पाणी, वालचंदनगरजवळचे पाणी आणि पळसदेवकडून आलेली भीमा, सगळे येथे एक होते. दोन दिवस आम्ही ज्या गावांतून फिरलो त्यांचे पाणी आमच्याआधीच घाटावर येऊन पोहोचले होते. आईने पायऱ्यांवर बसून सामायिक केले. मुले वाळूत खेळली. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून आम्ही पुण्याची वाट धरली.

जाणाऱ्यांसाठी

पुण्याहून भिगवण आणि बारामती दोन्ही सुमारे शंभर किलोमीटर. बारामतीत मुक्कामाची चांगली सोय होते. भिगवणला सूर्योदयाच्या सुमारास होडीत बसावे. नऊनंतर ऊन तापते आणि पक्षी दूर सरकतात. महामार्गावरच्या तेथील बहुतेक खाणावळी मासळीसाठी प्रसिद्ध आहेत, म्हणून आपली शिदोरी आणि गाळलेले पाणी बरोबर असावे. खाकरे, दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी उन्हातही टिकतात. चौविहार पाळणाऱ्यांनी संध्याकाळचे जेवण कोठे होईल ते सकाळीच ठरवावे. द्राक्षे आणि ताजा उसाचा रस वाटेवर मिळतो. माळावर जाताना वन विभागाची रीतसर परवानगी घ्यावी, गाडी ठरलेल्या वाटेवरच ठेवावी, कर्णा आणि गाणी बंद ठेवावीत. मातकट रंगाचे कपडे घालावेत, आणि मुलांना आधीच सांगून ठेवावे की पहिला अर्धा तास काहीच दिसणार नाही.

काळ मात्र चुकवू नये. होळी ते पाडवा हे दिवस उत्तम. माळावरचे गवत पावसापर्यंत उभे राहील आणि पळसदेवचे शिखर जेठात याहून अधिक दिसेल. पण पळसाची फुले पंधरा-वीस दिवसांत गळून जातात, आणि ऊन वाढले की रोहितही पुढच्या वाटेला लागतात. मार्चअखेरीचे हिशेब दोन दिवस थांबू शकतात.